मळी म्हणजे मळी

निवृत्त होऊन कोल्हापूरला परत आलो त्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराखालच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. सलूनवाल्यानं विचारलं, "अण्णा, इतकी वर्षं बाहीर काय करत व्हतासा?" मी म्हणालो, गॅस फोडत होतो. त्याचा वस्तरा थांबला. मग हळूच म्हणाला, "सिलिंडर?" तेव्हापासून निम्म्या पेठेत मी सिलिंडर फोडणारा म्हणून ओळखला जातो, आणि शेजारच्या वहिनी गॅस संपला की माझ्याकडे संशयानं बघतात. दिवाळी अंकात लिहिण्याची संधी आलीच आहे, तर आधी एवढा खुलासा करून टाकतो.

मी फोडायचो तो मिथेन. शेणाच्या गॅसमध्ये असतो तोच. एका कार्बनला चार हायड्रोजन घट्ट धरून बसलेले असतात, एकत्र कुटुंब म्हणा. हायड्रोजन सुटा काढून जाळला तर त्यातून फक्त पाणी निघतं, धूर नाही, म्हणून आज सगळं जग त्याच्या मागं लागलंय. पण हे कुटुंब सहजी फुटत नाही. नुसत्या आगीनं फोडायचं तर भट्टीच वितळायची वेळ येते. मध्ये निकेल किंवा लोखंडासारखा धातू घातला, की बऱ्याच कमी आचेवर काम होतं. त्या धातूला म्हणायचं उत्प्रेरक. शाळेत मास्तर सांगतात, उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ, सगळं घडवतो आणि स्वतः नामानिराळा राहतो. आमच्या धंद्यातला उत्प्रेरक लग्नबिग्न जमवत नाही, तो घर फोडतो.

कोकणातल्या एका खत कारखान्यात मी तीसेक वर्षं हेच केलं. तीन मजली उंच नळ्या, शेकड्यानं, आणि प्रत्येकीत निकेलच्या गोट्या भरायच्या. वरून ओतल्या तर फुटतात. म्हणून कापडी पिशवीत भरून दोरीनं पार खाली सोडायच्या, मग दोरीला हिसका दिला की पिशवीचं तोंड उघडतं. प्रत्येक नळीत वजन तेवढंच आणि उंची तेवढीच. कुठं पोकळी राहिली तर भट्टी पेटल्यावर नळीच्या अंगावर लालभडक पट्टा उमटतो आणि सगळ्या कारखान्याला कळतं की अण्णानं कुठं चूक केली. असा पट्टा माझ्या नावावर एकदाही उमटला नाही, हे मी जरा मोठ्यानंच सांगत असे. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवण नाही, म्हणून माझा डबा दुपारपाळीत ठरल्या वेळी उघडायचा आणि लोक त्यावर घड्याळ लावायचे. माझ्या कामावरही असंच लावतात, अशी माझी समजूत होती.

नवीन माणूस हाताखाली आला, की त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. उत्प्रेरक आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. आधी मारणारा शोधायचा, मग उत्प्रेरकाला नावं ठेवायची. हे मी शंभर जणांना तरी शिकवलं असेल आणि स्वतः कसं विसरलो, तेच आता सांगतो.

सुप्रिया माझ्याकडे आली ती कुणाकडून तरी पत्ता काढून. उद्यमनगरात फौंड्रीचे साचे करणाऱ्या एका मिस्त्रींची ही मुलगी. पुण्याची चांगली नोकरी सोडून दोन वर्षं वडिलांच्या शेडच्या कोपऱ्यात काहीतरी भाजत बसली होती. तिनं माझ्या तळहातावर करड्या रंगाचा एक खडा ठेवला. लोखंड तापवून ठोकताना त्यावरून जी खपली पडते, ती फौंड्र्यांतून गोळा करून दळलेली, त्यात चिमूटभर निकेल, आणि हे सगळं एका पांढऱ्या मातीवर भाजलेलं. म्हणाली, "अण्णा, ह्याच्यावर शेणाचा गॅस फोडते. वाफ न घालता."

वाफ न घालता, हे ऐकून मी ताठ बसलो. आम्ही कारखान्यात मिथेनबरोबर वाफ सोडायचो. हायड्रोजन मिळायचा, पण कार्बन वाफेतला ऑक्सिजन घेऊन धुराड्यातून निघून जायचा. तीस वर्षं मी हायड्रोजन ठेवून घेतला आणि कार्बन आभाळात सोडला. हिच्या पद्धतीत कार्बन कुठंच जात नाही. तो काजळी होऊन त्या खड्यावरच साठतो, आणि ती काजळी टायरला, रंगाला विकत घेणारे लोक आहेत. धूरच नाही. मला इतका आनंद झाला की जेवणाचं ताट पुढ्यात असताना मी तिला तासभर प्रश्नच विचारत राहिलो. शेवटी बायकोनं ताट उचलून आत नेलं.

वारणानगरच्या रस्त्याला, जोतिबाचा डोंगर समोर दिसतो अशा एका गावात दूध संस्था आहे. तिच्याकडे शेणाच्या गॅसची मोठी टाकी आणि एक रिकामी शेड. संस्थेच्या चेअरमननी सुप्रियाला अट घातली होती. हायड्रोजनवर इंजिन चालवायचं आणि त्यावर दूध थंड करायचं मशीन सलग सात दिवस चालवून दाखवायचं. चाललं तर शेड तिची, संस्था पुढचा प्लँट उभा करणार. बंद पडलं तर शेडमध्ये पशुखाद्याची पोती. पोरीची दोन वर्षं त्या सात दिवसांवर येऊन ठेपली होती. मी स्कूटर काढली आणि रोज तिकडं जाऊ लागलो, पगार नाही, काही नाही. इतक्या हुरूपानं मी तरुणपणीही कामावर गेलो नव्हतो.

आमची मांडणी साधी होती. टाकीतला गॅस आधी गंज चढवलेल्या लाकडी भुशातून जायचा. शेणाच्या गॅसमध्ये थोडं गंधक असतं, सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच, आणि गंधक म्हणजे आमच्या उत्प्रेरकाचं विष. धातूच्या अंगाला ते एकदा चिकटलं की धातू कामातून गेला. गंज ते गंधक धरून ठेवतो. मग पाण्याच्या फवाऱ्यात धुवून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढायचा, आणि राहिलेला मिथेन सुप्रियाच्या खड्यांनी भरलेल्या तापलेल्या नळीत सोडायचा. नळी तापवायला त्यातलाच थोडा गॅस जाळायचा. नळी मी भरली, कापडी पिशव्या बायकोच्या जुन्या साडीच्या शिवून.

थंडीचे दिवस होते. थंडीत टाकी आळसावते, गॅस कमी पडतो. सात दिवस पुरेल का, अशी सुप्रियाला शंका होती. मी म्हणालो, शेणात रोज थोडी मळी घाला, गॅस आपोआप फुगेल. टाकीचं सगळं काम बघायची अक्काताई. पन्नाशीची बाई, शेण कालवण्यापासून व्हॉल्व्ह फिरवण्यापर्यंत सगळं एकटी करायची. तिनं विचारलं, "अण्णा, मळी कुठली आणू?"

मी नळीच्या तोंडावर वाकलो होतो. मान वर न करता म्हणालो, "मळी म्हंजे मळी. तिला काय गाव असतंय व्हय?"

ती बरं म्हणाली आणि गेली.

पहिले तीन दिवस काय वर्णावेत. मीटरवरचा हायड्रोजनचा आकडा बघायला गावातली माणसं दूध घालून झाल्यावर शेडमध्ये थांबायची. इंजिन धडधडत होतं, धुराड्याच्या तोंडाला हात लावला तर ओला व्हायचा. एका म्हातारबांनी तो हात चाटून बघितला आणि जाहीर केलं की पाणी गोडं हाय. मी प्रत्येकाला धरून कार्बन-हायड्रोजनचं एकत्र कुटुंब समजावून सांगत होतो. सुप्रिया दर अर्ध्या तासाला आकडा लिहायची आणि मान वर करून हसायची.

चौथ्या दिवशी सकाळी आकडा घसरला. दुपारपर्यंत नळीतून मिथेन जसा जाईल तसाच बाहेर यायला लागला, आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. दूध विजेवर घेतलं म्हणून नासलं नाही. चेअरमन आणि संचालक मंडळी शेडमध्ये येऊन उभी राहिली. काय झालं, असं त्यांनी मला विचारलं, सुप्रियाला नाही. वयाचा मान. आणि मी, तीस वर्षांत लाल पट्टा न उमटलेला माणूस, सगळ्यांसमोर म्हणालो, "उत्प्रेरक कच्चा आहे. घरी भाजलेला. इतकाच टिकायचा."

सुप्रियानं आकड्यांची वही मिटली. चेअरमन भला माणूस होता. त्यांनी आणखी एक संधी दिली, तीन आठवड्यांनी. त्यानंतर पोती.

तिनं सगळा उत्प्रेरक नव्यानं केला. भाजायची वेळ वाढवली, निकेल वाढवलं, खपली वेगळ्या फौंड्रीतून आणली. त्यात दोन आठवडे गेले. आम्ही एक छोटी नळी आणि तिच्यापुरतं भुशाचं छोटं पिंप नव्यानं भरून चाचणी घेतली. तीही चौथ्या दिवशी मेली. नळी थंड करून तिनं आतला माल सुपात ओतला आणि मला बोलावलं. "अण्णा, जरा हातात घेऊन बघा की," एवढंच म्हणाली.

मी हातात घेतला, तळहातावर तोलला, पुन्हा तोलला. ह्या पद्धतीत उत्प्रेरक मरतो तो काजळीखाली गाडला जाऊन. काम करून करून त्याच्या अंगावर काजळी इतकी वाढते की तो फुगतो, मूळच्या कितीतरी पट होतो, कापसासारखा हलका लागतो. माझ्या हातातले खडे तीन दिवसांच्या कामापुरते, जेमतेम फुगले होते. अजून वजनदार, अंगावर काजळीचा पातळ थर. हा म्हातारा होऊन मेलेला नव्हता. ह्याला ऐन कामात कुणीतरी मारलं होतं. पहिल्या वेळी मी मूठभर माल उचलून बघितला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. मी बघितलाच नव्हता. मला आधीच माहीत होतं ना, की चूक पोरीची आहे.

आम्ही दोघं बाहेर आलो. अक्काताई पायरीवर बसून राखेनं पैंजण घासत होती. हुपरीची चांदी, लेकीनं घेऊन दिलेली. म्हणाली, "चार-चार दिवसाला काळं पडाय लागल्यात. सोनारानं फसीवलं बगा." सुप्रियानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. गंधकानं चांदी काळी पडते. टाकीपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईचे पैंजण काळे पडत होते आणि आम्ही आत उत्प्रेरकाच्या खोड्या काढत बसलो होतो. भुसा उपसून बघितला, तर गंजाचा लाल रंग पार जाऊन सगळा काळा झालेला. शेणातल्या गंधकाला तो सहा महिने पुरला असता.

मी अक्काताईला विचारलं, मळी कुठून आणतेस?

"धोंडीरामाच्या गुऱ्हाळातनं. रोज दोन घागरी."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. साखर कारखान्यात साखर काढून उरलेला जो काळा पाक असतो, त्याला मळी म्हणतात. माझ्या डोक्यात ती मळी होती. तिच्यातही गंधक असतं, पण बेताचं, आमच्या भुशाला झेपणारं. गुऱ्हाळात मात्र रस उकळताना वर जो फेस आणि मळ येतो, जो गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, झाऱ्यानं काढून टाकतो, तीही मळीच. आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रसात हायड्रोस नावाची पांढरी पूड टाकतात, ती सगळी गंधकानं भरलेली. मळीबरोबर तीही टाकीत आली, टाकीतल्या जंतूंनी तिचा विषारी वायू केला. अक्काताई गुऱ्हाळवाल्यांच्या घरातली. तिच्या लेखी मळी म्हणजे गुऱ्हाळाचीच. तरीही तिनं विचारलं होतं, कुठली आणू.

धोंडीराम हा पंचक्रोशीतला नावाजलेला गुळव्या. काकवी बोटावर घेऊन गूळ कधी उतरवायचा हे सांगणारा, आणि त्याच्या गुळाच्या रंगाला बाजारात मान. आता एक गोष्ट समजून घ्या. हायड्रोस सगळे घालतात आणि कबूल कुणीच करत नाही. आम्ही गुऱ्हाळावर गेलो. त्यानं आधी रस पाजला. मी हायड्रोसचा शब्द काढताच झारा बाजूला ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमी मोठं मानूस. पर आमच्यात हायड्रोस न्हाय. ह्यो रंग उसाचा हाय." चुलवाणाच्या भट्टीमागं उसाच्या चिपाडाच्या ढिगाखालून पांढऱ्या डब्याची कड दिसत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुप्रियानं माझी बाही ओढली. तिनं त्याच्याकडे फक्त तांब्याभर मळी मागितली.

शेडमध्ये तिनं काचेच्या दोन बाटल्या भरल्या. एकीत गोठ्यातलं नुसतं शेण, दुसरीत तेच शेण आणि ती मळी. दोन्हींच्या तोंडाशी शिशाचा क्षार लावलेल्या कागदाची पट्टी, गंधक लागलं की ती काळी होते. बाटल्या उबेत ठेवल्या. दोन दिवसांनी एक पट्टी जेमतेम मळकी झाली होती आणि दुसरी तव्याच्या बुडासारखी. तिनं धोंडीरामाला प्लँट बघायला बोलावलं. तो आला, नळी बघितली, इंजिन बघितलं, बाटल्यांपाशी थांबला. ही काळी कुणाची, असं त्यानं विचारलं. तुमची, असं ती म्हणाली. मग तिनं त्याला मेलेल्या उत्प्रेरकानं भरलेलं सूप दाखवलं आणि ते भाजायला किती दिवस लागतात तेवढं सांगितलं. तो चहा न घेता गेला.

तीन आठवडे पुरे व्हायच्या आदल्या दिवशी संस्थेची बैठक झाली. मी उभा राहिलो. आयुष्यात इतका घाम भट्टीपुढेही आला नव्हता. म्हणालो, मागच्या वेळी मी उत्प्रेरक कच्चा म्हणालो ते खोटं. तो मेला गंधकानं, गंधक आलं मळीतून, आणि कुठली मळी असं अक्काताईनं विचारलं असताना मी तिला धड उत्तर दिलं नाही. चूक माझी, ह्या मुलीची नाही.

मला वाटलं, झालं. पण चेअरमन अडचणीत पडले. गुऱ्हाळाच्या मळीत गंधक कसं येईल, असं त्यांनी विचारलं. हायड्रोस म्हणालो, तर बरीच मंडळी खिडकीबाहेर बघायला लागली. संचालकांतल्या निम्म्यांची स्वतःची गुऱ्हाळं. एक जण म्हणाला, आमच्या गावात हायड्रोस कुणी वापरत न्हाय. दुसऱ्यानं मान डोलावली. मला स्वच्छ दिसत होतं, की ह्या खोलीत हायड्रोस नाही असं ठरलं, तर गंधकही नाही, आणि मग दोष पुन्हा उत्प्रेरकावरच येणार. माझा कबुलीजबाब वाया गेला होता. सुप्रियाच्या हातात ती काळी पट्टी होती, पण ती बघायला कुणी पुढं होत नव्हतं.

दारापाशी चपलांच्या ढिगाजवळ धोंडीराम उभा होता. दुधाचा सभासद म्हणून आला असेल असं मला वाटलं. तो तिथूनच बोलला. "हाय हायड्रोस. म्या घालतो. वीस वर्सं झाली. तुमी बी घालतासा, पर ते ऱ्हाऊ द्या. ह्या पोरीचं समदं काम माझ्या दोन घागरींनी नासलं. कढई नासली की गुळव्याला कसं हुतंय, ते मला इचारा."

चेअरमननी चष्मा पुसला आणि उद्यापासून सात दिवस, असं सांगून बैठक संपवली. बाहेर सुप्रिया त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, आदी चालवून दाव.

टाकीतलं विष निघायला वेळ नव्हता. आम्ही भुसा नवा भरला, एक नाही, तीन पिंपं. फौंड्रीतून गंजाची पोती आणली. मळी बंद. गॅस कमी पडेल म्हणून अक्काताई गावभर फिरली आणि शेणाच्या पाट्या घराघरातून यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी धोंडीराम स्वतः मळीच्या दोन घागरी घेऊन आला. तो हायड्रोस न घालता गूळ काढायला लागला होता. गूळ काळसर होतोय, व्यापारी नाकं मुरडतायत, असं तक्रारीच्या सुरात सांगत होता, आणि घागरी टाकीत ओतताना पट्टीनं तपासून घ्या असा त्याचाच आग्रह. पट्टी पांढरी राहिली.

चौथा दिवस उजाडला तेव्हा आम्ही सगळे मीटरपुढे उभे होतो. आकडा हलला नाही. पाचवा गेला, सहावा गेला. सातव्या दिवशी संध्याकाळचं दूध आलं, थंड झालं, आणि चेअरमननी घड्याळ बघून इंजिन बंद करायला सांगितलं. कुणीतरी फटाक्यांची माळ आणली होती. हायड्रोजनच्या शेडमध्ये फटाके, मी ती हिसकावून घेतली. चेअरमननी लगेच बोर्ड करायचं ठरवलं, त्यावर 'अण्णांच्या मार्गदर्शनाखाली' असं घालायचं. मी म्हणालो, माझं नाव काढा, सुप्रियाचं घाला, अक्काताईचं घाला, धोंडीरामाचं घाला. धोंडीराम घाईनं म्हणाला, "माझं नगं. यापारी वाचत्यात."

दुसऱ्या दिवशी नळी पुरती थंड झाल्यावर आम्ही खालचं झाकण काढलं. आधी काहीच पडेना. मी नळीला लाकडी हातोडीनं दोनदा टकटक केलं, आणि काजळी यायला लागली. मऊ, काळी, फुगलेली. सूप भरलं, पाटी भरली, अक्काताईनं शेणाची दुसरी पाटी आणली, तीही भरली आणि काजळी जमिनीवर सांडायला लागली. एवढ्याशा खड्यांतून एवढं कसं निघतंय, असं ती विचारत राहिली. सुप्रियानं दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात घातले, ओंजळ भरून वर काढली आणि रडत रडत हसायला लागली. मग तिथंच, त्या काळ्या पाट्यांच्या मधोमध, ती नाचली. इतकी वर्षं हा धंदा केला, पण काजळीनं माखून नाचणारी माणसं मी त्या दिवशीच पाहिली. दोन होती. दुसरा मी.